जीप ते थार : महाराष्ट्रात घडलेल्या एका फोर व्हील ड्राइव्ह वाहनाच्या मॉडेलांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर मुंबईहून येणारा रस्ता दुभंगतो. एक वाट खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुण्याकडे जाते, तर दुसरी कर्नाळ्याच्या खिंडीतून पेण, महाड करीत कोकणात उतरते. हे दोन्ही रस्ते डांबरी आहेत आणि एस. टी.ने ते फार पूर्वीच जोडले. मात्र या रस्त्यांपासून आत, प्रबळगडाच्या पायथ्याच्या किंवा माथेरानच्या डोंगरउतारावरील वाड्या-वस्त्यांपर्यंत पावसाळ्यात पोहोचणे हा दीर्घकाळ वेगळाच प्रश्न होता. भातखाचरांमधील चिखलवाट, ओढ्यातील पाणी आणि निसरडा चढ या तिन्हींतून वाट काढू शकणारे एकच वाहन कित्येक वर्षे उपलब्ध होते, ते म्हणजे जीप. पनवेल तालुक्याबाबत जे म्हणता येते, ते सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या बहुतेक तालुक्यांबाबत म्हणता येते.

स्वातंत्र्योत्तर ग्रामीण महाराष्ट्रात गटविकास अधिकारी, मलेरियाविरोधी मोहिमेतील पथक, वनखाते, पोलीस आणि निवडणुकीचा प्रचार ही सर्व जीपमधूनच गावात आली. पुढे त्याच जीपमधून गावकरी बाजाराला जाऊ लागले. तरीही या वाहनाची मॉडेले कोणती, ती कधी व कोणत्या कारणांनी बदलली, याविषयीची माहिती सामान्यतः विस्कळीत स्वरूपात आढळते. ‘जीप’ हा शब्द सरसकट सर्वांनाच लावला जातो. आज या संदिग्धतेला केवळ कुतूहलाचे नव्हे, तर कायदेशीर महत्त्वही प्राप्त झाले आहे. त्यामुळे या वाहनाच्या मॉडेलांचा क्रमवार आढावा घेणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे :

१. जीपचा उगम व तिची यांत्रिक वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
२. मुंबईतील जुळणीपासून थारपर्यंतच्या मॉडेलांचा कालानुक्रमे परिचय करून देणे.
३. मॉडेलबदलांमागील आर्थिक व सामाजिक कारणांचा शोध घेणे.
४. जुन्या जीपच्या ‘मूळ स्वरूपा’विषयीच्या सध्याच्या प्रश्नाचे स्वरूप मांडणे.

जीपचा उगम :

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी टेहळणीसाठी हलके, चारही चाकांना शक्ती पुरविणारे वाहन अमेरिकी लष्कराला हवे होते. १९४० साली लष्कराने १३५ कारखानदारांकडे विचारणा केली. अट अशी होती की, नमुना अवघ्या काही आठवड्यांत तयार करून द्यावयाचा. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर येथील अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्याने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केला. त्यापाठोपाठ विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांचे नमुने आले. बँटमची संकल्पना पहिली असली, तरी तिची उत्पादनक्षमता अपुरी होती. विलीजकडे मात्र बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले, ६० अश्वशक्तीचे २.२ लिटर पेट्रोल इंजिन होते आणि ते स्पर्धकांपेक्षा निश्चितच सरस होते. १९४१ मध्ये विलीजचा ‘एमबी’ हा आराखडा स्वीकारण्यात आला. तोच आराखडा घेऊन फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने गाड्या बनविल्या. युद्धकाळात दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

एक संकल्पना बँटमची, इंजिन विलीजचे, तर पुढील जाळीचा सुप्रसिद्ध पत्रा फोर्डचा, अशी ही घडण होती. जीप जन्मापासूनच एका हाताची निर्मिती नव्हती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘जीप आम्ही निर्माण केली’ असा दावा विलीजने जाहिरातींत केला, तेव्हा अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्याला हरकत घेतली. तथापि ‘जीप’ हे बोधनाव १९५० साली विलीजच्याच नावे नोंदले गेले.

युद्ध संपताना विलीजने नागरी वापरासाठी ‘सीजे’ ही मालिका सुरू केली. ‘सिव्हिलियन जीप’ या शब्दांची ही आद्याक्षरे होत. १९४५ मध्ये ‘सीजे-२ए’ हे मॉडेल बाजारात आले. लष्करी गाडीचा मागील पत्रा बंद असे. या मॉडेलला मागे उघडणारी फळी आली, जादा चाक बाजूला गेले, पुढचे दिवे मोठे झाले आणि जाळीतील उभ्या फटी नवावरून सातवर आल्या. १९४९ च्या ‘सीजे-३ए’ मध्ये पुढील काच दुभागलेली न राहता एकसंध झाली. १९५३ मध्ये ‘सीजे-३बी’ आले. भारतीय जीपचे घराणे प्रामुख्याने या शेवटच्या मॉडेलपासून सुरू होते.

यांत्रिक वैशिष्ट्ये :

जीपचे सामर्थ्य तिच्या इंजिनात नव्हे, तर शक्ती चाकांपर्यंत नेण्याच्या व्यवस्थेत आहे. सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. त्यांपैकी एक चाक चिखलात रुतले की, ते जागच्या जागी फिरत राहते आणि गाडी अडकते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ ही दुसरी पेटी असते. येथून एक शाफ्ट मागील एक्सलकडे आणि दुसरा पुढील एक्सलकडे जातो. जुन्या जीपमध्ये चालकाच्या हाताशी मुख्य गिअरखेरीज आणखी दोन दांडे दिसतात. एकाने पुढील चाके शक्तीशी जोडली जातात. दुसऱ्याने ‘लो’ म्हणजे मंदगती गिअर पडतो. मंदगतीत चाकाचा वेग कमी होतो, पण त्याच प्रमाणात ओढ वाढते. म्हणूनच ६० अश्वशक्तीची गाडी ओढ्याचा काठ सहज चढते.

या व्यवस्थेला एक मर्यादाही आहे. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही आणि सारा ताण शाफ्ट व गिअरवर येतो. त्यामुळे अशा गाडीत फोर व्हील ड्राइव्ह गरजेपुरतीच वापरावी लागते. गावची वाट जसजशी डांबरी होत गेली, तसतशी ही व्यवस्था अधिकाधिक काळ निष्क्रिय राहू लागली. मॉडेलांच्या इतिहासातील एका मोठ्या वळणाचे मूळ येथे आहे.

उर्वरित रचना साधी होती. शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड एक्सल, त्यांवर पाट्यांच्या स्प्रिंगा आणि वर सपाट पत्र्याची बॉडी, एवढाच हा संसार. पत्रा सपाट असल्याने तो तालुक्याच्या गॅरेजमध्ये ठोकून सरळ करता येई, कापता येई, लांबविता येई. दुरुस्तीची ही सुलभता म्हणजे जीपचा खरा गुण. पुढे उद्भवलेल्या ओळखीच्या प्रश्नाचे मूळही याच गुणात आहे.

मुंबईतील जुळणी ते स्वदेशी उत्पादन :

जे. सी. महिंद्रा व के. सी. महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी स्थापन केली. तिचा प्रारंभीचा व्यवसाय पोलादाच्या व्यापाराचा होता. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. के. सी. महिंद्रा युद्धकाळात भारत सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तेथे बार्नी रूस यांच्याशी झालेल्या भेटीतून जीप भारतात आणण्याची कल्पना पुढे आली.

१९४७ मध्ये विलीजकडून ७५ गाड्यांचे सुटे भाग मागविण्यात आले. १९४९ साली माझगाव येथील जागेत जीपची जुळणी सुरू झाली. ज्या देशात पक्के रस्ते मोजके आणि खेडी लाखांनी, तेथे हा निर्णय दूरदृष्टीचा होता. तथापि केवळ जुळणीवर समाधान मानण्याची मुभा फार काळ राहिली नाही. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, देशातच टप्प्याटप्प्याने संपूर्ण वाहन बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना वाव उरला नाही. मुंबईत मोटारींची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या बलाढ्य कंपन्यांनी या धोरणानंतर भारतातील काम गुंडाळले. महिंद्राने मात्र स्वदेशी उत्पादनाची वाट धरली. त्यानंतर जीपचे भाग क्रमाक्रमाने भारतात बनू लागले आणि १९६० च्या दशकात गाडीचा मोठा हिस्सा देशी झाला.

या काळातील मॉडेल म्हणजे ‘सीजे-३बी’. त्याची ठळक खूण म्हणजे उंच बॉनेट. हा बदल सौंदर्यदृष्टीने केलेला नव्हता. विलीजने जुन्याच इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर, डोक्यात बसविले आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ठेवले. त्यामुळे शक्ती सुमारे ७५ अश्वशक्तीपर्यंत वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. नव्या इंजिनासाठी गाडी नव्याने आखण्याऐवजी बॉनेटच उंच करण्यात आले. अमेरिकेत ‘सीजे-३बी’चे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. तेथे १९५३ ते १९६८ या काळात सुमारे १ लाख ५५ हजार गाड्या तयार झाल्या. भारतात मात्र तिचा तोंडवळा त्यानंतरही कित्येक वर्षे टिकला. अमेरिकेत तडजोड म्हणून आलेले उंच बॉनेट भारतात ‘जीप’ या शब्दाचे चित्रच होऊन बसले.

लांबीची गरज :

‘सीजे-३बी’च्या पुढील व मागील चाकांमधील अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर होते. टेहळणी करणाऱ्या तीन-चार सैनिकांना ते पुरेसे होते, पण भारतीय वापरासाठी ते अपुरे पडले. येथे जीपकडून माणसे वाहून नेण्याची अपेक्षा होती. म्हणून चाकांमधील अंतर वाढवून ‘सीजे-४’ मालिका काढण्यात आली. अमेरिकेत अशी गाडी विक्रीस नव्हती. भारतीय गरजेतून झालेला हा पहिला मोठा मॉडेलबदल म्हणता येईल. याच दशकात, १९६५ च्या सुमारास, चालक इंजिनाच्या वर बसतो अशी ‘एफसी-१५०’ ही मालवाहू गाडीही आली. तिचे पुढील रूप म्हणजे ‘एफसी-१६०’. बाजारपेठांच्या अरुंद गल्ल्यांतून ही आखूड नाकाची गाडी सहज वळत असे.

दुसरा बदल अधिक सूचक होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात केवळ मागील चाकांना शक्ती देणारी जीप विक्रीस आली. पुढील एक्सलची यंत्रणा वगळल्याने किंमत आणि इंधनखर्च दोन्ही कमी झाले. ज्या वाहनाची ओळखच चारही चाकांच्या शक्तीने झाली, ते भारतात मोठ्या प्रमाणावर दोन चाकांच्या शक्तीवर धावू लागले. रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जीप फोर व्हील ड्राइव्ह असते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

पेट्रोलकडून डिझेलकडे :

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि पेट्रोलवरील जीप चालविणे खाजगी मालकास परवडेनासे झाले. या पेचातून सुटण्याचा मार्ग कंपनीला शेताच्या बांधावर सापडला. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही महिंद्राची सहयोगी कंपनी ‘बी-२७५’ हा ट्रॅक्टर बनवीत होती. १९७७ मध्ये ती महिंद्रातच विलीन झाली. या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये बसवून ‘सीजे-५०० डी’ हे मॉडेल सिद्ध झाले. ट्रॅक्टरचे इंजिन मंद फिरते, घरघरते, पण खालच्या फेऱ्यांत त्याची ओढ जबर असते. वेगाच्या दृष्टीने हा मेळ सामान्य होता. खेड्यातील वापरासाठी मात्र तो अचूक ठरला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री जीपही दुरुस्त करू शके, हा त्याचा अनपेक्षित लाभ होता.

त्यानंतर १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी ४.९०’ या २११२ सीसी डिझेल इंजिनाचा परवाना घेण्यात आला आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे इंजिनांचा कारखाना उभा राहिला. हे इंजिन घेऊन ‘सीजे-५४०’ व त्यापाठोपाठ १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘एमएम-५४०’ हे मॉडेल आले. ‘सीजे’ ही अमेरिकी अक्षरे जाऊन ‘एमएम’ ही अक्षरे येणे हा केवळ नावाचा फरक नव्हता. चासी विलीजच्या वळणाची, इंजिन फ्रेंच कुळाचे, उत्पादन महाराष्ट्रातले आणि लांबी-रुंदी भारतीय गरजेची, असे हे मिश्रण आता कोणत्याही परदेशी गाडीची प्रतिकृती राहिले नव्हते. पुढील ‘एमएम-५५०’ हे मॉडेल याच मार्गावरील सुधारणा होय. ही दोन्ही मॉडेले लष्कर व निमलष्करी दलांतही वापरात आली.

लष्कराच्या वापरातील इतर गाड्यांशी जीपची गल्लत होऊ नये. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात तयार होणारी ‘जोंगा’ ही निस्सान पॅट्रोलच्या आराखड्यावर आधारित होती, तर १९८५ मध्ये आलेली मारुतीची ‘जिप्सी’ सुझुकीच्या कुळातील होती. दिसण्यातील साम्य असले, तरी जीपच्या घराण्याशी यांचा संबंध नाही.

कमांडर, मार्शल आणि गावची वाहतूक :

१९९० च्या दशकात मॉडेलांच्या आकड्यांची जागा नावांनी घेतली. कमांडर, मार्शल, मेजर ही नावे लष्करी हुद्द्यांची होती. मात्र त्यांचा मुख्य वापर पूर्णतः नागरी होता. कमांडर म्हणजे लांब चासीची, ताडपत्रीच्या हुडाची, मागे समोरासमोर बाके असलेली गाडी. मार्शल ही बंद पत्र्याची. मेजर हे जुन्या आखूड बांध्याचे रूप. मोठ्या संख्येने खपल्या त्या दोन चाकांच्या शक्तीवर चालणाऱ्या डिझेल गाड्या.

या गाड्यांनी ग्रामीण वाहतुकीचे एक समांतर विश्व उभे केले. एस. टी.च्या फेऱ्या ठरावीक वेळी आणि ठरावीक थांब्यांवर असत. जीप माणसे भरली की निघे आणि हात दाखवला की थांबे. पश्चिम महाराष्ट्रात या वाहतुकीला ‘वडाप’, तर मराठवाडा-विदर्भात परवानाधारक गाड्यांच्या रंगावरून ‘काळी-पिवळी’ हे नाव रूढ झाले. या क्षेत्रात बजाज टेम्पोची ‘ट्रॅक्स’ ही जीपची मुख्य स्पर्धक होती. मागे पायरीवर उभे असलेले, टपावर बसलेले प्रवासी हे या वाहतुकीचे धोकादायक अंग होते आणि त्यातून गंभीर अपघातही घडले. परंतु आठवडे बाजार, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तालुक्याचे महाविद्यालय यांच्याशी असंख्य वाड्यांचा संबंध याच गाड्यांनी जोडला, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. सरकारी अधिकाऱ्याचे वाहन म्हणून गावात आलेली जीप येथे खऱ्या अर्थाने गावाची झाली.

आर्मडा ते थार :

१९९३ च्या ‘आर्मडा’ने जीपला कौटुंबिक मोटारीचे रूप देण्याचा प्रयत्न केला. त्याच मार्गावर २००० मध्ये ‘बोलेरो’ आली आणि ग्रामीण व निमशहरी भागात जीपची जागा तिने व्यापली. २००२ ची ‘स्कॉर्पिओ’ ही नव्याने आखलेली गाडी असल्याने तिच्यात विलीजचा वारसा दृश्य स्वरूपात राहिला नाही. या दोहोंच्या यशामुळे आणि प्रदूषणविषयक कठोर निकषांमुळे जुनी जीप मागे पडत गेली.

ऑक्टोबर २०१० मध्ये ‘थार’ हे मॉडेल सादर झाले. पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, २.५ लिटरचे आधुनिक डिझेल इंजिन आणि १०५ अश्वशक्ती अशी तिची वैशिष्ट्ये होती. तोंडवळा मात्र जाणीवपूर्वक जुन्या जीपचा ठेवलेला होता. २ ऑक्टोबर २०२० रोजी थारची दुसरी पिढी बाजारात आली. तिच्यात पक्के छप्पर, स्वयंचलित गिअर, पेट्रोलचा पर्याय आणि एअरबॅगा होत्या. ‘ग्लोबल एनकॅप’च्या त्या वर्षीच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची ‘थार रॉक्स’ सादर झाली.

मॉडेलांच्या या प्रवासाचा संक्षेप पुढीलप्रमाणे करता येईल.

तक्ता क्र. १ : प्रमुख मॉडेले व त्यांची ओळख

सीजे-३बी : उंच बॉनेट, ८० इंची अंतर, पेट्रोल इंजिन.
सीजे-४ : लांब चासी, पेट्रोल इंजिन.
एफसी-१५०, एफसी-१६० : आखूड नाक, मालवाहू बांधणी.
सीजे-५०० डी : ट्रॅक्टरच्या कुळातील डिझेल इंजिन.
सीजे-५४०, एमएम-५४० : प्यूजो परवान्याचे २११२ सीसी डिझेल इंजिन.
कमांडर, मार्शल : अधिक लांब चासी, प्रवासी वाहतूक.
थार (२०१०) : जुना तोंडवळा, नवे इंजिन व पुढील सस्पेन्शन.
थार (२०२०) : संपूर्ण नवी आखणी, २४५० मिलिमीटर अंतर.

सीजे-३बी आणि आजची थार यांच्या चाकांमधील अंतरात ४०० मिलिमीटरहून अधिक वाढ झाली आहे. पण मोठा फरक वापरात आहे. पूर्वी रस्ता नव्हता म्हणून जीप घेतली जाई. आज अनेक ग्राहक रस्ता सोडून जाता यावे म्हणून थार घेतात. जानेवारी २०२३ मध्ये थारचे दोन चाकांच्या शक्तीवरील स्वस्त रूप आले, तेव्हा १९६० च्या दशकातील निर्णयाचीच पुनरावृत्ती झाली. पूर्वी बचत गरजेपोटी होती. आता गाडीचे रूपच पुरेसे वाटणारा ग्राहकवर्ग तयार झाला आहे.

रूपाच्या मालकीचा वाद :

२०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत ‘रॉक्सर’ ही रस्त्याबाहेर वापरण्याची गाडी विक्रीस आणली. तेव्हा ‘जीप’ या नावाची मालक असलेल्या फियाट-क्रायस्लर कंपनीने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. सपाट बाजू, उभ्या फटींची जाळी, बॉनेटची ठेवण हे जीपचे विशिष्ट रूप आपले आहे, असा तिचा दावा होता. २०२० मध्ये आयोगाने तो मान्य केला. महिंद्राने गाडीचे रूप बदलल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या रूपास हरकत नसल्याचा निर्णय झाला.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय स्पष्ट आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यात एक विरोधाभास आहे. ज्या घराण्याने विलीजचा परवाना रीतसर घेऊन सात दशके तेच रूप जिवंत ठेवले, त्याला त्या रूपाच्या जन्मभूमीत मज्जाव झाला. दुसरीकडे, २०१७ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे ‘जीप’ नावाची ‘कंपास’ ही गाडी तयार होऊ लागली आणि २०२१ मध्ये तेथे ‘रँगलर’ची जुळणीही सुरू झाली. जीपचे नाव आणि जीपचे भारतीय घराणे हे दोन्ही महाराष्ट्रातच, पण परस्परांपासून वेगळे नांदले.

‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न :

जुन्या जीपपुढे आज खरा प्रश्न अस्तित्वाचा आहे. पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. ज्या जीपांनी ग्रामीण प्रशासन चालविले, त्यांपैकी शासनाकडे उरलेल्या गाड्या त्यामुळे भंगारात जाणे क्रमप्राप्त आहे. खाजगी मालकांसाठी एक वाट २०२१ च्या नियमांनी मोकळी केली. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते आणि त्यास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे व त्याची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असे स्पष्ट केले की, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही.

हे निकष न्याय्य आहेत आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यकही आहेत. परंतु ते जीपला लावताना अडचण येते. पेट्रोलची सीजे-३बी घेऊन तिच्यात डिझेल इंजिन बसविणे ही तेलसंकटानंतरच्या काळातील व्यवहार्य गरज होती. लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या गाड्यांवर नवी बॉडी चढविणे, एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीत घालणे, चासी वाढविणे हे गॅरेजचे नित्याचे काम होते. किंबहुना कारखान्यानेही वेगळे काही केले नाही. जुन्या इंजिनासाठी केलेल्या आराखड्यात उंच इंजिन, मग ट्रॅक्टरच्या कुळातील इंजिन, मग फ्रेंच इंजिन असेच त्यानेही बसविले. फरक एवढाच की, कारखान्याच्या बदलाला मॉडेल क्रमांक मिळाला आणि गॅरेजच्या बदलाला तो मिळाला नाही.

म्हणूनच एखादी जुनी जीप ‘मूळ’ आहे की नाही, हे ठरविण्यासाठी मॉडेलांचा इतिहास ज्ञात असणे आवश्यक ठरते. नोंदणी पुस्तकातील वर्ष, चासी क्रमांक, चाकांमधील अंतर, इंजिनाचे कूळ आणि बॉनेटची उंची या पाच बाबी एकमेकींशी जुळवून पाहिल्यास बहुतेक शंका दूर होऊ शकतात. लांब चासी दिसली म्हणून ती मागाहून वाढविली, असे अनुमान चुकीचे ठरेल, कारण सीजे-४ कारखान्यातूनच लांब आली. डिझेल इंजिन दिसले म्हणून ते बदललेलेच, हेही खरे नाही, कारण सीजे-५०० डी मुळातच डिझेल होती. याउलट १९६० च्या दशकातील नोंदणीच्या सीजे-३बी मध्ये प्यूजो कुळातील डिझेल इंजिन आढळल्यास ते निश्चितपणे नंतरचे आहे, कारण त्याचा परवानाच १९७९ चा आहे. ही माहिती हाताशी नसेल, तर खरी जुनी गाडी भंगारात जाण्याचा आणि जुळवलेली गाडी ‘मूळ’ म्हणून नोंदली जाण्याचा, असे दोन्ही धोके संभवतात.

निष्कर्ष :

१. जीपची भारतीय मॉडेले ही अमेरिकी मॉडेलांची केवळ नक्कल नसून इंधन, किंमत व प्रवासी वाहतूक या स्थानिक गरजांतून घडलेली स्वतंत्र परंपरा आहे.
२. प्रत्येक मोठ्या मॉडेलबदलामागे ओळखता येण्याजोगे कारण आहे. आयात-निर्बंधांतून स्वदेशीकरण, तेलसंकटातून डिझेल, अपुऱ्या प्रवासी सोयींतून लांब चासी आणि डांबरीकरणातून दोन चाकांची शक्ती आली.
३. फोर व्हील ड्राइव्ह ही जीपची ख्याती असली, तरी भारतातील तिच्या प्रसारास दोन चाकांच्या शक्तीवरील स्वस्त गाड्यांनी मोठा हातभार लावला.
४. ‘मूळ स्वरूप’ ही संकल्पना जीपला लावताना कारखान्यातील बदल आणि गॅरेजमधील बदल यांत भेद करणे आवश्यक आहे. त्यासाठी मॉडेलनिहाय, मराठीतून सुलभ माहिती उपलब्ध होणे गरजेचे आहे.

समारोप :

माझगावच्या भाड्याच्या जागेत सुट्या भागांतून जोडलेल्या गाडीपासून आजच्या थारपर्यंतचा हा प्रवास सात दशकांहून अधिक काळाचा आहे. या अवधीत रस्ते बदलले, इंधन बदलले आणि गाडी घेणारा माणूसही बदलला. महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातील आरोग्य, शिक्षण व प्रशासन यांचा इतिहास लिहिताना कागदपत्रांबरोबर त्या कागदपत्रांना गावापर्यंत नेणाऱ्या वाहनाचीही नोंद घ्यावी लागेल. जिल्हा परिषदा, वनविभाग व महाविद्यालये यांनी आपल्या आवारात उभ्या असलेल्या जुन्या जीपचे मॉडेल, वर्ष व वापर यांची साधी नोंद भंगाराच्या लिलावापूर्वी करून ठेवली, तरी पुढील अभ्यासकांसाठी ते एक मोलाचे साधन ठरेल. या कामास विशेष खर्च नाही. मात्र लिलाव होऊन गेल्यावर ते करता येणार नाही.